दहावीचा इंग्रजीचा पेपर नेमकं काय मोजतो?

फेब्रुवारी-मार्चमध्ये शिरोळ तालुक्यात उसाचा हंगाम अजून चालू असतो. कुरुंदवाडच्या रस्त्यांवरून ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या साखर कारखान्यांकडे जात असतात आणि त्यांच्या कडेकडेनं हॉलतिकीट सांभाळत मुलं परीक्षा केंद्र गाठत असतात. मराठी माध्यमाच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडलांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती गणिताची आणि इंग्रजीची. गणितात निदान काय तपासलं जातं हे घरच्यांना ठाऊक असतं. इंग्रजीचं तसं नाही. 'इंग्रजीत 68 पडले' म्हटल्यावर पोराला इंग्रजी येतं असं धरून चालायचं का? हा प्रश्न घरोघरी पडतो. तो सोडवायचा तर पेपर उलगडून एकेका प्रश्नाकडे बघावं लागतं.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ 1 जानेवारी 1966 रोजी अस्तित्वात आलं. आज त्याची नऊ विभागीय मंडळं आहेत. कुरुंदवाड कोल्हापूर विभागात येतं. सांगली आणि सातारा हे जिल्हेही याच विभागात. मराठी माध्यमात इंग्रजी ही तृतीय भाषा असते. त्यासाठी 'माय इंग्लिश कोर्सबुक' हे बालभारतीचं पुस्तक आहे, आणि दहावीचं सध्याचं पुस्तक 2018 साली आलं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं पुस्तक वेगळं आणि पेपरही वेगळा. त्यामुळे जयसिंगपूरच्या इंग्रजी माध्यमातल्या मावसभावाच्या गुणांशी आपल्या मुलीच्या गुणांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवायला जून 2000 मध्ये सुरुवात झाली, म्हणजे आज दहावीला बसणाऱ्या मुलामागे या भाषेची दहा वर्षं असतात.

विषयाचे गुण शंभर. त्यातला 80 गुणांचा लेखी पेपर मंडळ घेतं आणि 20 गुण शाळा देते. लेखी पेपरला 'कृतिपत्रिका' म्हणतात, कारण तीत 'पाठावरील प्रश्नांची उत्तरे लिहा' असा जुना मामला उरलेला नाही. ऐंशी गुणांची विभागणी अशी: भाषाभ्यासाला 10, पुस्तकातल्या दोन गद्य उताऱ्यांना 20, कवितेला 10, पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला आणि त्याच्या सारांशाला मिळून 15, लेखनाला 20 आणि मराठीत भाषांतराला 5.

भाषाभ्यासात गाळलेली अक्षरं भरणं, शब्द वर्णानुक्रमे लावणं, विरामचिन्हं देणं, एका मोठ्या शब्दातून चार छोटे शब्द काढणं असल्या गोष्टी येतात. वर्गातल्या सगळ्यात मागच्या मुलालाही इथे चार-सहा गुण मिळावेत अशीच त्यांची रचना आहे, आणि ती योग्यच आहे. घाबरलेलं मूल पहिल्याच पानावर अडकलं तर पुढचं त्याला येत असूनही लिहीत नाही.

खरी मोजणी उताऱ्यांत होते. दहा गुणांच्या उताऱ्याखाली दोन-दोन गुणांच्या पाच कृती असतात: पहिल्या दोन आशयावर, तिसरी शब्दसंपत्तीवर, चौथी व्याकरणावर आणि पाचवी मुलाच्या स्वतःच्या मतावर. पाचही एकाच उताऱ्यावर असल्या तरी त्या पाच वेगळ्या गोष्टी मोजतात. समजा, कृष्णेच्या पुरातल्या एका नावाड्यावर उतारा आहे. त्यात एक इंग्रजी वाक्य आहे, त्याचा अर्थ असा: पाऊस थांबला नव्हता, तरी पलीकडच्या काठावरच्या आजारी बाईला आणायला नावाड्यानं नाव काढली.

यावर 'नावाड्यानं नाव का काढली?' असा प्रश्न विचारला तर काय होतं बघा. मूल प्रश्नातला 'बोट' हा शब्द उताऱ्यात शोधतं, तो ज्या वाक्यात सापडेल ते अख्खं वाक्य उतरवून काढतं, आणि गुण घेऊन मोकळं होतं. त्या वाक्यातला एक शब्दही कळला नसेल तरी चालतं. ही युक्ती मुलांना कुणी शिकवावी लागत नाही, आठवी-नववीपर्यंत ती हाताला बसलेली असते. आता त्याच वाक्यावर चूक की बरोबर विचारा: नाव काढली तेव्हा पाऊस उघडला होता. उताऱ्यात 'उघडला' हा शब्दच नाही. इथे 'दो' (तरी) या उभयान्वयी अव्ययाचा अर्थ लागल्याशिवाय खात्रीनं उत्तर देता येत नाही. अर्थात, चूक-बरोबरमध्ये अंदाजानंही निम्मी शक्यता हाती असते. म्हणून आणखी चांगला प्रश्न असा: त्या दिवशी नदी ओलांडणं धोक्याचं होतं हे कशावरून कळतं? 'धोका' हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. तो पावसावरून मुलानं स्वतः ताडायचा आहे. उतारा तोच, वाक्य तेच, पण पहिला प्रश्न नजर मोजतो आणि तिसरा आकलन. पेपर सोपा आला की अवघड आला यावर गावात चर्चा होते, पण विचारायला हवं ते हे, की त्यात पहिल्या जातीचे प्रश्न किती होते आणि तिसऱ्या जातीचे किती.

व्याकरणाच्या कृतीत तेच वाक्य 'बट' वापरून पुन्हा लिहायला सांगतील. 'रिमूव्ह टू', 'नॉट ओन्ली बट ऑल्सो', प्रयोग बदला: हे प्रकार शिकवणीत सूत्रासारखे घोटून घेतलेले असतात. सूत्र बसवलं की गुण मिळतो. मात्र हेच मूल पुढे पत्र लिहिताना 'दो' आणि 'बट' एकाच वाक्यात घालतं. नियम ठाऊक असणं आणि लिहिताना तो आपसूक पाळला जाणं यांत बरंच अंतर आहे, आणि दोन गुणांची ही कृती पहिलीच गोष्ट मोजते. या कृतीच्या पूर्ण गुणांवरून 'व्याकरण पक्कं आहे' असं कुणी सांगितलं तर पोराची वही मागवून एखादा सलग परिच्छेद वाचून बघावा.

कवितेच्या रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले असतात: कवितेचं नाव, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. पुस्तकातल्या कविता मोजक्या, त्यामुळे गाइडमधली तयार रसग्रहणं पाठ करून जाता येतं, आणि बहुतेक मुलं तेच करतात. मला हा भाग पेपरातला सगळ्यात कच्चा वाटतो. कविता छापून समोर दिलेली आणि रसग्रहण मात्र आठवणीतून उतरवलेलं!

याच्या बरोबर उलट बाजूला पुस्तकाबाहेरचा उतारा आहे. तो मुलानं कधी पाहिलेला नसतो, शिकवणीतही तो आलेला नसतो. या 15 गुणांत मुलाचं वाचन जसं आहे तसं दिसतं. त्यातही सारांशाच्या 5 गुणांवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. सारांशाला काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि ते कळल्याशिवाय ठरवता येत नाही. मुलाच्या इंग्रजीचा अंदाज घ्यायचा असेल तर एकूण बेरीज क्षणभर बाजूला ठेवावी आणि या एका प्रश्नात त्यानं काय लिहिलंय ते वाचावं. कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन कळतं, त्यातली साखर किती हे वेगळं तपासावं लागतं. गुणपत्रिकेवरच्या बेरजेचंही तसंच आहे.

लेखनाच्या 20 गुणांत पत्र, संवाद किंवा भाषण, तक्त्यातल्या माहितीचा परिच्छेद किंवा परिच्छेदाचा तक्ता, आणि बातमी किंवा गोष्ट, असे पाच-पाच गुणांचे चार प्रश्न. इथे अडचण मोजणाऱ्याची आहे. एकाच पत्राला एक परीक्षक तीन देईल, दुसरा चार देईल, आणि दोघेही प्रामाणिक असतील. ही तफावत आवरायला मंडळाची साखळी आहे. मुख्य नियामकांच्या बैठकीत कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे हे ठरतं, परीक्षक त्याप्रमाणे तपासतात, आणि त्यांनी तपासलेल्यांतल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा बघतात. उत्तरपत्रिका कुणाची हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून बारकोड आणि होलोक्राफ्ट स्टिकर असतात. पेपर परिरक्षक केंद्रातून सीलबंद पाकिटात येतात आणि वर्गातच मुलांच्या सह्या घेऊन पाकीट फोडलं जातं. पूर्वी अकराच्या पेपराआधी मिळणारी जादा दहा मिनिटं 2023 पासून शेवटी मिळतात. हळू लिहिणाऱ्या मुलाच्या चौथ्या लेखनप्रश्नाला या दहा मिनिटांचा मोठा आधार होतो.

चीनमध्ये परीक्षकांतल्या तफावतीची हीच अडचण फार मोठ्या आकारात आहे. तिथली महाविद्यालय प्रवेशाची परीक्षा, गाओकाओ, दरवर्षी 7 जूनला सुरू होते. 2024 साली तिला सुमारे 1 कोटी 34 लाख मुलं बसली. एकूण 750 गुणांपैकी 150 परकीय भाषेचे, आणि बहुसंख्य मुलं इंग्रजीच घेतात. नव्या रचनेत ऐकण्याला 30, वाचनाला 50, भाषावापराला 30 आणि लेखनाला 40 गुण आहेत. उत्तरपत्रिका स्कॅन होतात, निबंध दोन परीक्षक एकमेकांचे गुण न पाहता तपासतात, आणि दोघांत ठरावीक मर्यादेपलीकडे फरक पडला तर तिसऱ्याकडे जातो. लेखनातला 25 गुणांचा एक प्रश्न मला फार आवडतो. एक अपुरी गोष्ट वाचायला देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात आणि उरलेली गोष्ट मुलानं साधारण 150 शब्दांत पुरी करायची. मूळ गोष्ट नीट कळली नसेल तर पुढची जुळत नाही, आणि गाइडमधून पाठ करून नेलेला निबंध इथे उपयोगी पडत नाही. वाचन आणि लेखन एकाच प्रश्नात तपासलं जातं. आपल्या रसग्रहणाच्या जागी असा पाच गुणांचा प्रश्न आला तर कुरुंदवाडची मुलं तो आनंदानं सोडवतील असं मला मनापासून वाटतं. चीनमध्ये ऐकण्याच्या परीक्षेच्या वेळी केंद्राभोवतालची वाहतूक आणि भोंगे आवरले जातात. बोलणं मात्र तिथेही सगळीकडे मोजलं जात नाही. ग्वांगडोंग, बीजिंग अशा काही ठिकाणीच संगणकापुढे बसवून ऐकण्या-बोलण्याची परीक्षा घेतात.

आपल्याकडे ऐकणं आणि बोलणं ही दोन्ही कौशल्यं शाळेच्या 20 गुणांत बसवली आहेत. या वीस गुणांचं वजन किती, हे राज्यानं एकदा अनुभवलंय. 2018 साली दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांसारख्या विषयांचे शाळेकडचे गुण काढून शंभर गुणांचा लेखी पेपर ठेवला, त्याच वर्षी नवा अभ्यासक्रमही आला, आणि मार्च 2019 चा निकाल 77.10 टक्क्यांवर उतरला. ओरड झाली. गुण परत आले आणि 2020 साली निकाल 95.30 टक्के लागला. शाळेचे हे गुण बहुतेकांना भरभरून मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण म्हणून ते काढून टाकणं हा उपाय नव्हता. ते काढले की पेपरात ऐकण्या-बोलण्याला जागाच उरत नाही, आणि जे परीक्षेत नाही ते वर्गातूनही हळूहळू जातं. हे गुण खरे कमवून घेतले पाहिजेत. तोंडी परीक्षेत पाठ केलेली स्वतःची ओळख म्हणून दाखवणं पुरेसं धरू नये. मोबाइलवर दोन मिनिटांची सूचना ऐकवावी, उदाहरणार्थ बस किती वाजता, कुठून सुटणार, काय सोबत आणायचं, आणि त्यावर तीन प्रश्न विचारावेत. मग एखादं चित्र पुढ्यात ठेवून मिनिटभर बोलायला लावावं. नदीच्या घाटावरचं चित्र असलं तर मूल बोलायला लागतं, कारण सांगण्यासारखं त्याच्याकडे असतं. अडखळत का होईना, समोरच्याला कळेल असं बोललं की गुण द्यावेत. उच्चारात मराठीचा किंवा कानडीचा हेल आला म्हणून कापू नयेत. सीमेलगतच्या या पट्ट्यातली कितीतरी मुलं घरात कानडी, दारात मराठी बोलतात. त्यांना तिसरी भाषा जमणार नाही असं मानायला काहीच आधार नाही.

मंडळाचा पेपर शाळेच्या हातात नसतो, सराव परीक्षेचा असतो. तो तपासून झाला की आणखी एक तासाचं काम आहे, आणि त्यासाठी संगणकही लागत नाही. वर्गात 60 मुलं आहेत असं धरा. एकूण गुणांप्रमाणे गठ्ठा लावा. वरची 27 टक्के आणि खालची 27 टक्के, म्हणजे सोळा-सोळा उत्तरपत्रिका वेगळ्या काढा. आता एकेक प्रश्न घ्या. नावाड्याच्या धोक्याचा प्रश्न वरच्या सोळांतल्या 14 जणांनी आणि खालच्या सोळांतल्या 6 जणांनी बरोबर सोडवला. बत्तिसांतले 20 बरोबर, म्हणजे काठिण्य साधारण 0.63, फार सोपा नाही, फार अवघड नाही. दोन गटांतला फरक 8, त्याला 16 ने भागलं की 0.5. हा भेददर्शक निर्देशांक. तो 0.4 च्या वर असला की प्रश्न चांगला काम करतोय असं समजतात.

दुसरा प्रश्न वरच्या 15 आणि खालच्याही 15 जणांना आला. फरक शून्य. असा प्रश्न धीर द्यायला एखाद-दुसरा ठेवावा, पण मोजायला त्याचा उपयोग नाही. तिसरा प्रश्न मात्र वरच्या 5 आणि खालच्या 7 जणांना आला, म्हणजे निर्देशांक शून्याच्याही खाली. हुशार मुलं जिथे जास्त चुकतात तिथे दोष बहुधा प्रश्नात असतो: दोन उत्तरं बरोबर ठरत असतील, नाहीतर शब्दरचना संदिग्ध असेल. तो प्रश्न फळ्यावर लिहून वरच्या पाच-सहा मुलांना त्यांनी काय समजून उत्तर लिहिलं ते विचारावं. कुठे गडबड झाली हे ती मुलं दोन मिनिटांत दाखवतात, आणि पुढच्या सराव परीक्षेत तो प्रश्न दुरुस्त होऊन येतो.