'दहावी फ' : बाके कोणी मोडली, तुकडी कोणी पाडली?

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात. मालेगावच्या बाजारात वह्या-दप्तरांची दुकाने गजबजतात. सोयाबीनच्या पेरणीतून कसाबसा वेळ काढून बाप पोराला शाळेच्या फाटकापर्यंत आणून सोडतो. आणि पहिल्याच आठवड्यात सूचनाफलकावर तुकड्यांच्या याद्या लागतात. अ, ब, क, ड. कोणी म्हणेल, ही केवळ अक्षरे आहेत, सोयीसाठी केलेली विभागणी आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ज्या शाळेत या तुकड्या मागच्या वर्षीच्या गुणांवरून पाडल्या जातात, त्या शाळेच्या अ तुकडीची हजेरी आणि शेवटच्या तुकडीची हजेरी शेजारी ठेवून एकदा मोठ्याने वाचावी. आडनावेच सांगतील की अक्षरांच्या आड काय दडले आहे!

हा विषय आज काढण्याचे कारण घडले ते असे. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी सकाळी सकाळी पाच पालक आले. तालुक्यातल्या एका शाळेने (नाव घेण्याची गरज नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही) नववी ड मधील पाच मुलांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला ठेवण्याचे ठरवले होते. मुलांनी वर्गातली चार बाके मोडली, पंख्याची पाती वाकवली, फळ्यावर नको ते लिहिले. त्यातल्या एका बापाने आमच्यापुढे हात जोडले. ''जयभीम वकीलसाहेब. पोट्ट्यानं तोडलं असन, मी नाई म्हनत नाई. पन शाळा सुटली त आता तो का करन?''

मुलांना आम्ही वेगळे बसवून विचारले. आधी कोणी तोंड उघडेना. मग एक जण बोलला. आदल्या दिवशी स्नेहसंमेलन होते. सकाळी सात वाजता ड तुकडीला बोलावले ते खुर्च्या उचलायला, सतरंज्या अंथरायला आणि पाण्याच्या टाक्या भरायला. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पुढच्या रांगा अ आणि ब साठी राखीव. ही मुले मागे उभी. बक्षिसे अ तुकडीला. आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या परत ठेवायला पुन्हा हाक आली ती ड तुकडीलाच! ''सर, आमचं नाव त एकदाबी माइकवर घेतलं नाई,'' असे तो मुलगा म्हणाला. बाके मोडण्याचे समर्थन आम्ही केले नाही, आजही करीत नाही. पण त्या एका वाक्यावर आमच्यातल्या वकिलाकडे उलटतपासणीचा एकही प्रश्न उरला नाही.

त्या क्षणी आम्हाला 'दहावी फ' आठवला.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचा हा 2002 सालचा मराठी चित्रपट. अकोल्यात कायद्याचे शिक्षण घेत असताना वसतिगृहातल्या मित्रांबरोबर तो आम्ही सीडीवर पाहिला होता. कथा साधी आहे. एका शाळेत गुणांवरून तुकड्या पाडलेल्या आहेत आणि फ तुकडी सर्वांत शेवटची. या तुकडीत बहुतांश गरिबांची मुले. अ तुकडीशी त्यांचा संघर्ष पेटतो, अपमानाचा कडेलोट होतो आणि ही मुले शाळेच्या सामानाची मोडतोड करतात. शाळेच्या लेखी विषय संपतो, कारण ती फ तुकडी, तिच्याकडून दुसरी अपेक्षाच काय? पण एक शिक्षक या मुलांच्या बाजूने उभा राहतो. ही भूमिका अतुल कुलकर्णी यांनी केली आहे. तो मुलांना डोक्यावर घेत नाही. तुम्ही मोडले ते तुम्हीच भरून द्या, असे तो सांगतो. मुले कष्ट करतात, पैसा उभा करतात, नुकसान भरून काढतात; आणि ते करता करता आपण कोणीतरी आहोत याचा शोध त्यांना लागतो.

त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत कोणीच लवकर झोपले नाही. कारण आमच्यापैकी निम्मे जण कुठल्या ना कुठल्या शाळेच्या शेवटच्या तुकडीतून आलो होतो. आमच्या शाळेत शेवटची तुकडी क होती. वर्ष 1995. वाशिम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, मालेगाव अकोला जिल्ह्यात होते. आमच्या वर्गावर गणिताचे शिक्षक आठवड्यातून दोनदा येत; उरलेल्या तासाला ''आवाज नको'' एवढाच धडा असे. अ तुकडीतल्या मुलाला त्याच्या नावाने हाक आणि आम्हाला ''ए, क वाल्या!'' अशी. एकच मराठीचे सर होते, ते आम्हाला पूर्ण नावाने हाक मारीत. त्यांच्या तासाला कधी गोंधळ झाल्याचे आम्हाला आठवत नाही. वर्गाची शिस्त छडीत असते की हाकेत असते, याचे उत्तर आम्हाला तेव्हाच मिळाले होते.

अशा कथेवर जगभर चित्रपट निघाले आहेत. त्यातला सर्वांत गाजलेला म्हणजे 1967 सालचा 'टू सर, विथ लव्ह'. त्याच्या मागची हकीगत आपल्या वाचकांना माहीत असायला हवी. ई. आर. ब्रेथवेट हे ब्रिटिश गयानातले कृष्णवर्णीय गृहस्थ. उच्चशिक्षित, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केलेले. युद्ध संपले आणि त्याच ब्रिटनमध्ये कातडीच्या रंगामुळे त्यांना त्यांच्या शिक्षणाच्या तोलाची नोकरी मिळेना. शेवटी लंडनच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीतील शाळेत ते मास्तर झाले. तिथली गोरी, कष्टकऱ्यांची मुले आधी त्यांनाच जुमानत नव्हती. या अनुभवावर त्यांनी 1959 साली पुस्तक लिहिले आणि पुढे त्यावर चित्रपट निघाला. त्यात सिडने पॉईटिए यांनी रंगवलेला मास्तर एके दिवशी पुस्तके बाजूला ठेवतो आणि मुलांना सांगतो की यापुढे आपण एकमेकांशी मोठ्या माणसांसारखे वागू. मुलींना 'मिस' म्हणायचे, मास्तरांना 'सर' म्हणायचे. आधी मान दिला, मग मान मिळाला!

याच पॉईटिए यांनी 1955 सालच्या 'ब्लॅकबोर्ड जंगल' या अमेरिकन चित्रपटात एका दांडगट वर्गातल्या विद्यार्थ्याची भूमिका केली होती. म्हणजे बारा वर्षांत तोच माणूस पडद्यावर मागच्या बाकावरून उठून फळ्यापुढे उभा राहिला. आम्हाला या दोन चित्रपटांत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. मागच्या बाकाला फळ्यापर्यंत पोहोचू द्या, तो स्वतःच वर्ग सांभाळून दाखवील. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे हेच मागितले होते. प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, ज्यांना त्या मुलांत मिसळायला कमीपणा वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

परंतु अशा चित्रपटांची एक मर्यादाही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. सगळे एका भल्या मास्तरावर अवलंबून राहते. मास्तर चांगला निघाला तर मुले तरली. नाही निघाला तर? आमच्या समाजाने दयाळू माणसांची वाट फार पाहिली. बाबासाहेबांनी आम्हाला दया मागायला शिकवले नाही, हक्क मागायला शिकवले. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की मुळात फ तुकडी पाडलीच कोणी? बाके मोडणाऱ्यांची चौकशी होते. वर्ग मोडणाऱ्यांची चौकशी कधी होणार?

ही चौकशी एका न्यायालयाने केली आहे. 'टू सर, विथ लव्ह' ज्या वर्षी आला त्याच 1967 साली वॉशिंग्टनच्या संघराज्य न्यायालयात हॉब्सन विरुद्ध हॅन्सन या खटल्याचा निकाल लागला. वॉशिंग्टनच्या शाळांत चाचण्या घेऊन मुलांना वरच्या-खालच्या गटांत टाकले जाई. खालच्या गटात गरिबांची आणि कृष्णवर्णीयांची मुले भरलेली, त्यांना अभ्यासक्रमही हलका. न्यायमूर्ती स्केली राइट यांनी या पद्धतीच्या मुळालाच हात घातला. ज्या चाचण्यांवरून मुलांची कुवत ठरवली जाते, त्या प्रत्यक्षात कुवत मोजत नाहीत, तर मुलाला आजवर मिळालेली किंवा न मिळालेली संधी मोजतात, असा त्या निकालाचा आशय आहे. गटवारी रद्द करण्याचा आदेश झाला. तिथल्या काळ्या मुलांसाठी ज्युलियस हॉब्सन नावाचा कार्यकर्ता कोर्टाची पायरी चढला होता. आपल्याकडचा हॉब्सन कुठे आहे?

आपल्याकडचा कायदा काय सांगतो तेही पाहू. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम 17 ने मुलाला मारहाण करण्यास आणि मानसिक छळ करण्यास बंदी घातली. कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 सालच्या दुरुस्तीने नापास करण्याची मुभा आली, पण काढून टाकण्याची बंदी कायम राहिली. मात्र हे कवच आठवीपर्यंतचे आहे. नववीत पाऊल टाकले की ते गळून पडते. ज्या वयात मुलगा सर्वांत जास्त बिथरतो, ज्या वयात बापाला त्याच्या मजुरीचे हात दिसू लागतात, नेमक्या त्याच वयात कायदा त्याचा हात सोडतो! आणि गुणांवरून तुकड्या पाडू नका असे स्पष्ट सांगणारे कलम तर या कायद्यात आठवीपर्यंतसुद्धा नाही.

मालेगावच्या त्या पाच मुलांचे पुढे काय झाले? आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. नोटीस काढली नाही, आवाज चढवला नाही. 'दहावी फ' मधला मार्ग सुचवला. पोरे आणि त्यांचे बाप मिळून बाके दुरुस्त करतील, पंखाही बसवून देतील. तुम्ही दाखले फाडा. पाचांपैकी एकाचा बाप सुतारकाम करणारा, दुसऱ्याचा काका हायवेवरच्या वेल्डिंगच्या दुकानात कामाला. तीन रविवार ही माणसे शाळेत राबली. बाके पूर्वीपेक्षा मजबूत झाली. शाळेने शब्द पाळला, हे आम्ही मोकळ्या मनाने नोंदवतो.

पण दाखले फाडले तेव्हा मुले चारच उरली होती. पाचवा, तोच, ज्याचे नाव माइकवर कधी आले नव्हते, आई-बापाबरोबर ऊसतोडीला निघून गेला होता. निर्णय व्हायला लागलेले दिवस त्याच्या घराला परवडले नाहीत. तो अजून परतलेला नाही. त्याच्या बापाचा फोन लागतो, ''येतो साहेब'' म्हणतो, आणि हंगाम संपूनही येत नाही. ही आमची हार आहे. ती लपवण्याचे कारण नाही. आणि वर्ग? तो आजही ड च आहे. बाके दुरुस्त झाली, तुकडी दुरुस्त झाली नाही.

बाबासाहेब 1900 साली साताऱ्याच्या शाळेत गेले तेव्हा त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलायला धावली. त्याच बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली पोरे तिथे गावठी बोलीसकट, फाटक्या कपड्यांसकट सामावली गेली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसे त्यांच्या पाठीशी राहिली आणि त्या आवारातून दलित साहित्याची चळवळ उभी राहिली. दुसऱ्या एखाद्या संस्थेने त्याच पोरांना फ तुकडीत टाकले असते!

आता थोडे आपल्याच माणसांविषयी. बाबासाहेबांनी आग्र्याला 1956 साली शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत बोलून दाखवली, ती आपण दरवर्षी ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. आपल्यातले किती शिक्षक, किती कारकून, किती वकील आपले मूल वाशिम-अकोल्याच्या इंग्रजी शाळेत घालून मोकळे झाले? गावातल्या ड तुकडीच्या पालकसभेला आपल्यापैकी कोण जाते? आम्ही स्वतःसुद्धा त्या पाच पालकांनी दार वाजवेपर्यंत गेलो नव्हतो, ही कबुली देऊनच हा लेख लिहीत आहोत.

मागण्या मोठ्या नाहीत. गुणांवरून तुकड्या पाडणे बंद करावे आणि सर्व स्तरांची मुले प्रत्येक तुकडीत मिसळावीत. जो वर्ग मागे आहे त्यावर शाळेतला सर्वांत चांगला शिक्षक द्यावा. नववी-दहावीच्या मुलाला पालकांशी बोलल्याखेरीज आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या तपासणीखेरीज दाखला हातात देऊ नये. आणि प्रत्येक विहारात परीक्षेआधीचे तीन महिने संध्याकाळी दोन तास दिवा लागावा, सतरंजी पडावी. तिथे बसून शिकवण्याची जबाबदारी आपल्या पदवीधरांची.

आमच्या वस्तीतल्या विहारात हे तास सुरू झाले आहेत. ती चार मुले येतात. पहिल्या दिवशी भिंतीवर पडदा बांधून त्यांना 'दहावी फ' दाखवला. चित्रपट संपल्यावर त्यांच्यातल्या एकाने विचारले, ''सर, आपल्या पाचव्याला कधी आनाचं?'' त्याचे उत्तर आम्हाला द्यायचे आहे. येत्या जूनमध्ये सूचनाफलकावर यादी लागेल, तेव्हा तुम्हालाही द्यायचे आहे.