सेव्हिलचा सुवर्ण बुरूज

स्पेनच्या दक्षिणेकडील सेव्हिल शहरात ग्वादालकिव्हीर नदीच्या डाव्या तीरावर असलेला ‘तोरे देल ओरो’, म्हणजेच सुवर्ण बुरूज, आज एकाकी दिसत असला, तरी तो एकट्याने उभा राहावा म्हणून बांधलेलाच नव्हता. उत्तर आफ्रिका आणि दक्षिण स्पेनवर सत्ता गाजवणाऱ्या अल्मोहाद घराण्याचा सुभेदार अबुल उला याने १२२०-२१ मध्ये तो उभारला, तेव्हा शहराच्या कोटापासून थेट नदीपर्यंत काढलेल्या भिंतीचे ते शेवटचे टोक होते. अशा भिंतीला स्पेनमध्ये ‘कोराचा’ म्हणतात. वेढ्याच्या काळात पाण्यापर्यंतची वाट आपल्या ताब्यात राहावी आणि शत्रूला काठाकाठाने बंदराकडे सरकता येऊ नये, हा तिचा हेतू असे.

बुरुजाचा तळमजल्यापासूनचा मुख्य भाग बारा बाजूंचा आहे. बाहेरून त्याला चुन्याचा गिलावा होता आणि २००५ मधील दुरुस्तीच्या वेळी केलेल्या अभ्यासानुसार, त्याची सोनेरी झाक चुना व दाबलेल्या गवताच्या मिश्रणामुळे येत असे.

या बुरुजापासून पलीकडच्या तीरापर्यंत साखळी ताणून नदी बंद करीत, असे परंपरेने सांगितले जाते. तथापि १२४८ च्या वेढ्यात निर्णायक ठरला तो त्रियाना वस्तीशी शहराला जोडणारा नावांचा पूल, कारण शहराची रसद त्यावरूनच येत असे. कॅस्टीलचा राजा तिसरा फर्नांडो याच्या वतीने रामोन बोनिफाझ याने उत्तरेकडील बंदरांतून आणलेली जहाजे त्या वर्षीच्या मे महिन्यात या पुलावर आदळवून तो तोडला, आणि उपासमारीने खचलेल्या सेव्हिलने नोव्हेंबरमध्ये शरणागती पत्करली. बुरुजाची बांधणी अभेद्य असली, तरी अन्नाची वाट तुटल्यावर तिचा उपयोग उरला नाही, हे या वेढ्यातून स्पष्ट दिसते.

पुढे या बुरुजाचा उपयोग तुरुंग म्हणूनही झाला. मधला मजला चौदाव्या शतकात कॅस्टीलचा राजा पहिला पेद्रो याच्या काळात चढवला गेला असे मानले जाते, तर १७५५ च्या लिस्बन भूकंपाने हादरलेल्या या वास्तूवर सेबास्तियान व्हान देर बोर्ख्त या अभियंत्याने १७६० मध्ये माथ्याचा गोल भाग बांधला. त्याच सुमारास रस्ता रुंद करण्यासाठी बुरूज पाडण्याची सूचना पुढे आली होती. नागरिकांनी तिला विरोध करून थेट राजाकडे दाद मागितली, म्हणूनच तो वाचला. एकोणिसाव्या शतकात मात्र त्याला कोटाशी जोडणारी भिंत पाडली गेली. १९३१ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळालेल्या या बुरुजात १९४४ पासून नौदलाचे संग्रहालय आहे.