हॅम्बुर्गचे वार्तापत्र : झियाद जर्राह इथेच शिकला

चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्यापासून पिंपरी-चिंचवडच्या घरांना जर्मनी परका राहिलेला नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही, म्हणून तिकडची मुलं जर्मन शिकून इकडे येतात. त्यांच्या आईवडिलांना झियाद जर्राहची हकिगत माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

११ सप्टेंबर २००१ रोजी युनायटेड ९३ हे विमान पळवणाऱ्या चौघांतला वैमानिक तो. जन्म १९७५चा, लेबनॉनमधल्या खात्यापित्या घरातला. शिक्षण खासगी ख्रिस्ती शाळांत. १९९६च्या एप्रिलमध्ये तो ग्राइफ्सवाल्डला आला, तेव्हा त्याला दंतवैद्य व्हायचं होतं. पार्ट्यांना जायचा, बिअर प्यायचा, तुर्की वंशाच्या मुलीवर त्याचं प्रेम जडलं होतं. गरिबी, मदरसा, कडवं घर. आपण कारण म्हणून जे शोधतो, त्यातलं इथे काहीच सापडत नाही.

वर्ष सरता सरता तो बदलला. जिहादची पत्रकं वाचू लागला, पुढे दाढी राखली, मैत्रिणीच्या कपड्यांवरून वाद घालू लागला. १९९७ मध्ये दंतवैद्यक सोडून हॅम्बुर्गला विमान अभियांत्रिकीला गेला. लहानपणापासून विमानांचं वेड आहे, असं सांगायचा. एअरबसचा कारखाना असलेल्या या शहरात त्यात कुणाला काय वावगं वाटणार? इथल्या मुख्य स्थानकाजवळ, स्टाइनडाम रस्त्यावर अल-कुद्स मशीद होती. ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांचा म्होरक्या मोहम्मद अट्टा आणि त्याचा गट तिथलाच; जर्राह त्यांच्यात मिसळला. या नव्या मित्रांशी मैत्रिणीची ओळख करून द्यायला मात्र जर्राहने नकार दिला. ती पुरेशी धार्मिक नाही म्हणून. मला सगळ्यांत बोलका वाटतो तो हा नकार.

सरकार काय करत होतं? नाझी राजवटीचा अनुभव घेतलेल्या या देशाने धार्मिक संघटनांना बंदीच्या कायद्यातून वगळलं होतं. ती सवलत डिसेंबर २००१ मध्ये काढली. मशीद बंद झाली २०१० मध्ये. शिवाय दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात नाक खुपसायचं नाही, ही इथली रीत. तिला मी वाईट म्हणणार नाही, पण तिच्याआड लपता येतं.

१९९९च्या अखेरीस तो अफगाणिस्तानात गेला, २००० मध्ये फ्लोरिडात विमान चालवायला शिकू लागला. तिथूनही मैत्रिणीला सतत फोन, मधूनच इकडे फेरी. परतीची वाट शेवटपर्यंत उघडी होती. त्याला फसलेला पोरगा म्हणणं मला मान्य नाही. प्रवाशांनी झुंज दिली, विमान पेन्सिल्व्हेनियात शँक्सव्हिलजवळ कोसळलं आणि ४० निरपराध माणसं गेली.

परदेशी गेलेल्या मुलाला फोन कराल तेव्हा जेवणखाणाबरोबर त्याच्या मित्रांचीही चौकशी करा. जमलं तर त्यांच्याशी दोन शब्द बोला.