पेपर टाकणारा दगडू आणि दार लावून घेणारा बाप

ग्रामीण पानावर सिनेमाची गोष्ट कशाला, असे काही वाचक विचारतील. पाऊसपाणी, बाजारभाव, पीककर्ज सोडून पोरासोरांच्या प्रेमाचा सिनेमा! पण ज्या घरात नववी-दहावीची मुलगी आहे, त्या घरच्या कारभाऱ्याने ही गोष्ट जरा नीट ऐकावी.

सिनेमाचे नाव 'टाइमपास'. रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला हा मराठी चित्रपट ३ जानेवारी २०१४ रोजी लागला आणि तरुण पोरांनी तो डोक्यावर घेतला. गोष्ट मुंबईची, घरोघरी मोबाइल येण्याआधीची. दगडू परब हा गरिबाघरचा पोरगा. दहावीला पुन्हा पुन्हा नापास. शेवटी बाप वैतागतो आणि दगडूवर घरोघर पेपर टाकायची पाळी येते. मित्रांची टोपणनावे बालभारती, मलेरिया अशी. ते त्याच्या डोक्यात भरवतात, की एखादी पोरगी पटव आणि टाइमपास कर. दगडूची नजर जाते ती लेल्यांच्या प्राजक्तावर. ती शिस्तीच्या घरातली, अभ्यासू आणि गळ्याने गोड. टाइमपास करायला गेलेल्या गड्याचा तिच्यावर खरोखरच जीव जडतो.

प्रथमेश परबने दगडू असा काही उभा केलाय, की हसून पोट दुखावे. पोरगा अंगाने एवढासा आणि बोलणे मात्र जगज्जेत्याचे! समोर केतकी माटेगावकरची प्राजक्ता. त्याची भाषा रस्त्यावरची, तिची पुस्तकातली. दोघांचे बोलणे जुळता जुळत नाही, यातच निम्मी गंमत आहे. पहिले प्रेम असेच असते. त्यात शहाणपण कमी आणि धडधड जास्त.

हसता हसता आपण एका माणसाकडे मात्र नीट पाहत नाही. तो म्हणजे प्राजक्ताचा बाप, माधवराव लेले. वैभव मांगले यांनी ही भूमिका केली आहे. माधवराव काही वाईट गृहस्थ नाहीत. व्यसन नाही, लबाडी नाही, लेकीचे भले व्हावे हीच इच्छा. पण घर चालवायचे त्यांच्याकडे एकच हत्यार, ते म्हणजे धाक. बायको घाबरते, मुलगा घाबरतो, मुलगीही घाबरते. मग व्हायचे तेच होते. धाकातली पोर तोंड उघडत नाही. गल्लीतल्या टवाळ पोरांना जे ठाऊक असते, ते बापाला सगळ्यात शेवटी कळते. कळल्यावर त्याच्या हाती एकच गोष्ट उरते, दार लावून घेणे. दोघांची ताटातूट होते आणि हसणारे प्रेक्षक गप्प होतात.

आता आपल्या गावाकडे या. दप्तरात चिठ्ठी सापडली किंवा मोबाइलवर मेसेज सापडला, की घरात काय होते? 'पोरगी हाताबाहेर चालली' असे कोणीतरी म्हणते. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. मामा, आत्या स्थळ बघायला लागतात. मुलगी सोळाची, पण 'अब्रू जाण्यापेक्षा उजवून टाकलेली बरी' असा हिशोब होतो. चिठ्ठी दोघांची असते, पण शाळा सुटते एकटीची. पोराला फार तर चार शिव्या बसतात. सिनेमाचा दुसरा भाग १ मे २०१५ रोजी आला आणि दगडू-प्राजक्ताला पुन्हा एक संधी मिळाली. आपल्या गावातल्या मुलीच्या नशिबी दुसरा भाग येत नाही.

ही चार घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. म्हणजे पाचातल्या एकीहून जास्त. प्रत्येक लग्नामागे चिठ्ठीच असते असे नाही. गरिबी असते, ऊसतोडीला जाताना मुलीला ठेवायचे कुठे ही काळजी असते. पण 'पोरीने काही केले तर?' ही भीती बहुतेक ठिकाणी असतेच.

कायदा काय म्हणतो

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण हवीत. गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. यात फक्त आईबापच येतात असे नाही. लग्न लावणारा, जुळवणारा, मदत करणारा असा कोणीही अडकू शकतो. ग्रामीण भागात हा विवाह थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. तेव्हा पत्रिका हातात पडल्यावर 'घरचा मामला' म्हणून गप्प बसणे ग्रामसेवकाला परवडणारे नाही. वयाची खातरजमा शाळेच्या दाखल्यावरून करता येते. कोणालाही १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

पोरांच्या आईबापांनीही एक ध्यानात ठेवावे. मुलगी अठराच्या आतली असेल, तर तिची 'मर्जी होती' हे २०१२ च्या पोक्सो कायद्यापुढे चालत नाही. दोघे पळून गेले, तर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा थेट तुरुंगात जाऊ शकतो. हे त्याला आधी घरात समजावून सांगा. पोलीस ठाण्यात समजून उपयोग नाही.

मग करायचे काय?

चिठ्ठी सापडली तर पहिल्या दिवशी हात उचलू नका. आईने जवळ बसवून विचारावे, बापाने ऐकून घ्यावे. शाळा मात्र बंद करू नका. बारावीपर्यंत मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट मिळतो, तो चालू राहू द्या. दोन-तीन वर्षे अभ्यासात गेली, की त्या वयातले बरेचसे वेड आपोआप ओसरते. नाहीच ओसरले, तर तोवर दोघे सज्ञान झालेले असतात आणि बोलायला तोंड असते.

बैलाला नुसती चाबकाची भीती घातली, तर तो वाट सोडून पळतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. 'टाइमपास' पुन्हा कधी टीव्हीवर लागला, तर लेकीला दुसऱ्या खोलीत पाठवू नका. शेजारी बसवून बघा. दगडूला दोघांनी मिळून हसा. आणि माधवराव दार लावायला निघाले, की तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहा.