सोयीचा निकाह, पण सोय कुणाची?

आमच्याकडे लग्नाची बोलणी सुरू झाली की मुलाचा पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, बहिणींची लग्ने उरकलीत की राहिलीत, हे सारे पहिला चहा संपायच्या आत विचारून होते. याला कुणी सोयीचे लग्न म्हणत नाही, 'चौकशी' म्हणतात. पण पन्नाशीकडे झुकलेला एखादा विधुर आणि पदरी मूल असलेली एखादी विधवा, वर्षानुवर्षांच्या ओळखीचे, "आपण निकाह करू, दोन्ही घरे सावरतील" असे सरळ बोलले की मोहल्ल्यात कुजबुज सुरू होते. एकीकडून म्हणतात, "यात मोहब्बत कुठली, हा तर हिशेब झाला." दुसरीकडून म्हणतात, "आधीपासूनच काहीतरी असणार." दोन्ही बाजूंनी सापडते ती बाईच.

इस्लामपूर हा उसाचा मुलूख. कारखाना, टेम्पो-ट्रॅक्टर, गॅरेज, फळांचे गाडे आणि शिवणकाम यांवर आपली बरीचशी घरे चालतात. कमावता माणूस अचानक गेला की दोन-तीन महिने भेटायला येणाऱ्यांची वर्दळ असते, चौथ्या महिन्यात फक्त हप्तेवाला येतो. आम्ही शिक्षक, आम्हाला हे वर्गातूनच कळते. मूल सहलीला नाव देत नाही, जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहू लागते.

अशाच एका घरातली ही हकीकत. नवरा आणि त्याचा दोस्त, दोघांनी मिळून मालवाहू टेम्पो घेतलेला, हप्ते निम्मे-निम्मे. नवरा वारला. दोस्ताची बायको त्याच्या दोन वर्षे आधी आजारपणात गेलेली, घरात दोन मुली आणि थकलेली अम्मी. बाईकडे एक मुलगा, एक शिवणयंत्र आणि अर्धा टेम्पो. इद्दत पुरी होऊन काही महिने गेल्यावर त्या दोस्ताने बाईच्या भावाकडे पैगाम पाठवला. त्यात लपवाछपवी नव्हती. मुलींना घरात आईसारखे कुणी हवे, टेम्पोचे दोन हिस्से झाले तर धंदा बुडेल, आणि भाभींना मी पंधरा वर्षे ओळखतो, त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही, एवढेच.

त्याच आठवड्यात सासरकडूनही पैगाम आला, धाकट्या दिराचा. तिथेही सोयच होती. प्लॉट घरात राहील, विम्याचे पैसे घरात राहतील, नातू घरात राहील. बाईच्या मनात काय आहे हे मात्र कुणी विचारले नव्हते.

दिराशी निकाह हराम नाही. बाई राजी असेल तर तो चांगलाही ठरतो, आम्ही तशी सुखी घरे पाहिली आहेत. पण तिला न विचारता, माल घरात ठेवण्यासाठी तिला घरात ठेवणे, ही इस्लामपूर्व अरबांची रीत होती. तिथे मयताच्या मालमत्तेबरोबर त्याची विधवाही वारसांच्या वाट्याला जाई. सूरह निसाच्या १९ व्या आयतीने हे बंद केले. हजरत खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावून दिला होता. त्या पूर्वी विवाह झालेल्या स्त्री होत्या. त्यांनी पैगंबरांकडे (स.) तक्रार नेली आणि तो निकाह रद्द झाला. सहीह बुखारीतली ही हदीस आपल्या मोहल्ल्यांत फार कमी ऐकू येते. का, ते ज्याचे त्याने ओळखावे.

तेव्हा सोय पाहिली यात आम्हाला गैर वाटत नाही. ती कुणाची पाहिली, आणि ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यांच्यासमोर ती बोलून दाखवली का, एवढेच आम्ही विचारतो.

सीरतच्या पुस्तकांत पाहा. हजरत खदीजा (रजि.) या मक्केतल्या मोठ्या व्यापारी, विधवा. त्यांनी पैगंबरांना (स.) आधी आपल्या व्यापाराच्या कामी पाठवले, सचोटी पाहिली, मग नफीसा या मैत्रिणीच्या मध्यस्थीने स्वतः पैगाम दिला. त्या वारल्यानंतर घरात मुली होत्या, ते सांभाळायला कुणीतरी हवे होते. हजरत खौला (रजि.) यांनी हजरत सौदा (रजि.) यांचे नाव सुचवले, त्या वयाने मोठ्या आणि विधवा होत्या. आणि हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे उदाहरण तर प्रत्येक विधवेला सांगण्यासारखे आहे. पैगंबरांचा (स.) पैगाम आला तेव्हाही त्यांनी लगेच होकार दिला नाही. आपल्या स्वभावात ईर्षा आहे, आपले वय झाले आहे, आपल्याला मुले आहेत, या तिन्ही गोष्टी त्यांनी आधी पुढे ठेवल्या. प्रत्येकीचे उत्तर मिळाले, मगच निकाह झाला. मुलांबद्दल विचारणे हा उर्मटपणा, असे ज्यांना वाटते त्यांनी हे वाचावे.

त्या टेम्पोवाल्या दोस्ताच्या पैगामाचे पुढे काय झाले? बाईनेही बोलणी मागितली. बैठकीला तिचा भाऊ, त्याची थोरली मुलगी आणि पेशइमाम होते. मुलीला बसवायचे की नाही यावरच अर्धा तास गेला. शेवटी ती बसली आणि तिनेच विचारले, "आमच्या अम्मीची पेटी कुणाकडे राहणार?" पेटी दोघी मुलींची, हे तिथेच ठरले. बाईचे म्हणणे असे होते की शिवणकाम बंद करणार नाही, मुलाच्या बारावीपर्यंतचा खर्च टेम्पोच्या निम्म्या हिश्श्यातून निघेल आणि तो हिस्सा मुलाचा व तिचाच राहील. मेहर उधार ठेवायची नाही, निकाहच्या वेळी रोख. त्याचे म्हणणे एकच, अम्मीला वेगळे ठेवणार नाही. हे सारे निकाहनाम्यात लिहिले गेले. निकाहनाम्याच्या छापील नमुन्यात शर्तींसाठी जागा असते, तिथे एरवी आडवी रेघ मारली जाते. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २००५ साली नमुना निकाहनामा काढला, त्यावर वर्तमानपत्रांत चर्चा झाली, पण शर्ती लिहायच्या म्हटले की अजूनही वधूच्या बाजूचेच लोक दचकतात. पाहुणे नाराज होतील म्हणतात. निकाह हा आपल्याकडे करार आहे आणि ज्या शर्तींवर निकाह होतो त्या पाळणे सर्वांत आवश्यक, अशी हदीस आहे. मग त्या लिहायला लाज कसली?

आता कायद्याचे थोडे, कारण बायका इथेच फसतात.

निकाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला वाटा जातो, असे सांगून अनेक विधवांना गप्प बसवले जाते. हे खोटे आहे. मुले असतील तर पत्नीचा वाटा एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश, आणि तो नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी तिचा होतो. पुढे ती निकाह करो वा न करो. ही समजूत बहुधा आजूबाजूच्या समाजातून आली असावी. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण तो केला की पहिल्या पतीच्या मिळकतीवरचा हक्क संपत असे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली आपल्या मित्राची विधवा बहीण गोदूबाई यांच्याशी पुण्यात लग्न केले, तेव्हा मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले होते. आपल्या दीनमध्ये वाळीत टाकण्याचा प्रश्न नव्हता, वाटा जाण्याचाही नव्हता. तरी आपण दोन्ही शिकून घेतले.

शेतजमिनीचे मात्र जपून पाहावे. १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून जमिनीच्या बाबतीत जाणत्या वकिलाला विचारावे. आणि काही असो, तलाठ्याकडे वारसनोंद करून सातबाऱ्यावर नाव लावण्याचे काम पैगामाची बोलणी सुरू होण्याआधीच उरकावे. नंतर सह्या मिळत नाहीत.

पेन्शनचा नियम वेगळा. कारखाना किंवा खासगी कंपनीतल्या कामगाराच्या विधवेला भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून मिळणारी पेन्शन पुनर्विवाहानंतर बंद होते, मुलांची पेन्शन वेगळी असते. नवरा सरकारी नोकरीत असेल तर त्याच्या खात्याचा नियम लेखी विचारून घ्यावा. अपघाती मृत्यूच्या भरपाईबाबत मात्र मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे की विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिचा दावा संपत नाही. मुलाचा ताबा हा सासरचा हुकमी एक्का असतो. हनफी फिकहमध्ये आईने मुलाच्या नात्याबाहेर निकाह केला तर तिचा ताब्याचा हक्क कमकुवत होतो, पण न्यायालय १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे हित पाहते. धमकीला घाबरून मूल सोपवू नये.

नव्या घरात सावत्र मुलगा वारस होत नाही. पण म्हणूनच त्याच्यासाठी एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, ती वारसासाठी इतरांच्या संमतीशिवाय होत नाही. आणि पुरुषाच्या मुलींना भीती असते की नवी आई अष्टमांश घेऊन जाईल. ती भीती खरी आहे, हसण्यावारी नेऊ नये. बापाने हयातीतच मुलींना काही हिबा करून प्रत्यक्ष ताबा दिला, तर पुढची भांडणे टळतात.

याच भीतीपोटी ज्येष्ठ मंडळी लग्नच टाळतात. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली एकट्या ज्येष्ठांसाठी मंडळ सुरू केले, तिथे अनेकांनी लग्नाविना एकत्र राहण्याचा मार्ग धरला. पेन्शन आणि मुलांच्या वारसाहक्काचा पेच हे त्यामागचे मोठे कारण. तो मार्ग आपल्याला मोकळा नाही. पण त्या माणसांची गरज आपल्याही घरांत आहे. रात्री दम लागला तर पाणी द्यायला कुणी हवे, एवढ्यासाठी केलेला साठीतला निकाह हास्यास्पद का वाटावा? सूरह नूरच्या ३२ व्या आयतीत जोडीदार नसलेल्यांचे निकाह लावून द्या असा आदेश सगळ्या समाजाला आहे, त्यात वयाची अट नाही.

एका सोयीपासून मात्र दूर राहावे. व्हिसासाठी किंवा खोलीच्या कागदासाठी "नुसता कागदोपत्री निकाह" करू, नंतर सोडून देऊ, असे दोस्तीत ठरवणारे असतात. निकाह, तलाक आणि रुजू या तीन गोष्टी थट्टेतही खऱ्याच धरल्या जातात, अशी हदीस आहे. दोन साक्षीदारांसमोर इजाब-कबूल झाले की मेहर, खर्च, वारसा, सगळे लागू झाले. मुदतीचा निकाह तर अहले सुन्नतच्या चारही मसलकांत बातिल आहे.

निकाहनंतर नगरपरिषदेत नोंदणी करून घ्यावी, महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. आणि जूनमध्ये शाळेत येताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नवा अब्बा चांगला आहे म्हणून मुलाच्या दाखल्यावरचे वडिलांचे नाव बदलायला पालक अर्ज घेऊन येतात. प्रेमापोटीच येतात. पण मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा, असे सूरह अहजाबच्या ५ व्या आयतीत आहे. दाखल्यावर मरहूम वडिलांचेच नाव राहू द्यावे, पालक म्हणून आईने सही करावी, आणि फीची पावती ज्याने पैसे भरले त्याच्या हातात द्यावी.