१३३३ शेजारी १६०० चालते का?

‘वेगवेगळ्या वेगाची रॅम एकत्र लावली की मदरबोर्ड जळतो’ हे वाक्य दुकानाच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं आणि त्या भीतीपोटी धडधाकट संगणक भंगारात निघतात. ते खरं नाही. प्रत्येक स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये तिचा वेग आणि व्होल्टेज नोंदलेलं असतं. संगणक सुरू होताना बायोस या नोंदी वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा वेग ठरवतो. डीडीआर३च्या १३३३शेजारी १६०० लावली, तर दोन्ही १३३३वर चालतात.

मग सगळीच १६०० घ्यावी का? आधी प्रोसेसर पाहा. इंटेलच्या आय३-२१००ची मर्यादाच १३३३ आहे. त्यावर १६००साठी जादा पैसे मोजणं वाया.

‘पण संगणक मंदावेल ना?’ कागदावर एका चॅनलची क्षमता सेकंदाला १२.८ जीबीवरून सुमारे १०.६ जीबीवर येते. मात्र १६००वर सीएल११ (घड्याळाच्या ११ ठोक्यांचा विलंब) म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद आणि १३३३वर सीएल९ म्हणजे १३.५, म्हणजे प्रतिसादाला लागणारा वेळ जवळजवळ तोच. फरक जाणवतो तो प्रामुख्याने गेममध्ये, तेही वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर. खरी रखडपट्टी होते ती रॅम अपुरी पडल्यावर. विंडोज मग हार्ड डिस्कचा आधार घेते, आणि नॅनोसेकंदांचं काम मिलिसेकंदांवर जातं. म्हणून मी ठामपणे सांगेन: जुन्या संगणकात वेगाच्या मागे लागू नका, ४ची ८ जीबी करा. फक्त विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीपलीकडची रॅम तिला वापरता येत नाही.

४ जीबीशेजारी २ जीबीही चालते. इंटेलच्या बहुतेक बोर्डांवर २ अधिक २ एवढा भाग ड्युअल चॅनलमध्ये चालतो, उरलेला एकेरी.

संगणकाची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये १३३३ऐवजी ६६५च्या आसपासचा आकडा दिसला, तर दुकानदाराने फसवलं असं समजू नका. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते आणि तिथे दिसतात ते ठोके.

जपायचं ते वेगळ्याच ठिकाणी. डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, निव्वळ १.५ व्होल्टची स्टिक तिथे चालत नाही. जी४१ चिपसेटच्या डीडीआर३ बोर्डांवर तर मोठीच गोची होते. त्या चिपसेटला २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपा ओळखता येतात, त्यामुळे ४ जीबीची स्टिक दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपांची हवी. हल्लीची ८ चिपांची स्टिक कोरी करकरीत असूनही तिथे निरुपयोगी. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या स्टिक इंटेलच्या बोर्डासाठी घेऊच नका.

क्वचित दोन कंपन्यांच्या स्टिक एकमेकींशी जुळत नाहीत आणि संगणक मध्येच बंद पडतो. लावल्यावर मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी होऊ द्या. चुका दिसल्या तर एकेक स्टिक वेगवेगळी तपासा. दोन्ही एकट्या नीट चालत असतील, तर बायोसमध्ये वेग १०६६वर आणून फेरी पुन्हा लावा, आणि तरीही चुका येत राहिल्या तर बिलाची मुदत संपायच्या आत नवी स्टिक बदलून घ्या.