इंजिन खोलणे सोपे, जुळवणे अवघड

घरी उघडलेल्या जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचे खरे आयुष्य ठरते ते पुनर्जोडणीत

खास प्रतिनिधी, मुंबई

शिवडी, लालबाग, परळच्या चाळींमध्ये जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी असलेली जुनी मोटारसायकल हे काही नवलाचे दृश्य नाही. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या काकांची ती गाडी वर्षानुवर्षे बंद असते. एखाद्या रविवारी घरातील तरुण पान्ह्यांचा संच घेऊन बसतो आणि दुपारपर्यंत इंजिनाचे सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले जातात. इथवर सारे सोपे असते. अवघड भाग सुरू होतो तो हेच भाग पुन्हा एकत्र आणताना.

अशा गाड्यांमध्ये 'यामाहा आरएक्स १००'ला मोठी मागणी आहे. १९८५ साली भारतात आलेली ही गाडी १९९६ पर्यंत तयार होत होती. ९८ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, हवेने होणारे शीतन, एक सिलिंडर, एक कार्बोरेटर आणि चार गिअर अशी तिची साधी रचना. तिच्या आधी, १९८३ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीने आणलेली 'राजदूत ३५०' मात्र दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटरची. झडपांची गुंतागुंत नसल्याने टू-स्ट्रोक इंजिन घरी खोलण्याचा मोह होतो. परंतु साधेपणामुळेच या इंजिनात लहानशा चुकीलाही क्षमा नाही.

हवाबंद पेटी

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचे मिश्रण थेट पिस्टनच्या डोक्यावर जात नाही. ते आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येते, तेथे दाबले जाते आणि मग सिलिंडरच्या भिंतीतील वाटांनी वर ढकलले जाते. म्हणजे क्रँककेस ही केवळ यंत्र झाकणारी पेटी नसून तो एक पंपच असतो. त्यामुळे ती हवाबंद असणे अत्यावश्यक ठरते.

क्रँकशाफ्टच्या दोन टोकांना असलेली रबरी ऑइल सील येथे निर्णायक ठरतात. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गळके असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन अवाजवी तापते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे ऑइल आत खेचले जाऊन धुराचे लोट निघतात. म्हणूनच इंजिन एकदा उघडले की सील 'चांगली दिसतात' म्हणून जुनीच बसवणे ही सर्वांत महाग काटकसर होय. क्रँककेसच्या दोन भागांमधील जोडावर सीलंटचा थर पातळ हवा. जाड थर दाबला गेला की त्याचे तुकडे आत पडून ऑइलच्या वाटा अडवतात.

क्रँककेस बंद करण्याआधी चारही गिअर पडतात का, हे हाताने पाहून घ्यावे. नंतर लक्षात आले तर सारे काम पुन्हा उलटे करावे लागते. कॉन-रॉडचे बेअरिंग बदलायचे असल्यास मात्र घरचा हट्ट सोडावा. या गाड्यांचा क्रँकशाफ्ट तुकडे प्रेसने दाबून जोडलेला असतो. तो सरळ रेषेत आणण्यासाठी प्रेस आणि मोजमापाचे घड्याळ हाताशी असलेला लेथवाला कारागीरच हवा.

बाण सायलेन्सरकडे

झिजलेल्या सिलिंडरला बोअर मारून घेतल्यावर मोठ्या मापाचा पिस्टन येतो. ही मापे साधारणतः पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वाढतात. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि त्याच्या मापानेच बोअर करवून घ्यावा, हा जाणत्या कारागिरांचा शिरस्ता. बोअर झाल्यावर सिलिंडर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पुसून, लगेच ऑइलचा हात द्यावा लागतो. भिंतीवर राहिलेली घासकामाची बारीक पूड नवी रिंग पहिल्याच फेरीत खराब करते.

पिस्टनच्या डोक्यावरील बाण सायलेन्सरच्या दिशेने असावा. रिंगची टोके खोबणीतील छोट्या खिळीपाशीच यावीत. ती सरकली तर सिलिंडरच्या वाटेत अडकून रिंग तुटते. पिस्टन पिन अडवणाऱ्या तारेच्या क्लिपा नेहमी नव्या घ्याव्यात. त्या बसवताना क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडके ठेवावे, कारण हातातून निसटलेली क्लिप आत पडण्यास क्षणही पुरत नाही. हेडचे नट आलटून-पालटून समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीपर्यंत आवळावेत. त्यासाठी टॉर्क पान्हा लागतो. 'हाताच्या अंदाजाने' आवळलेल्या नटांनी ॲल्युमिनियमचे आटे गेल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजमध्ये सापडतील.

कार्बोरेटरची शिस्त

शिवडीच्या खाडीवरून येणारा खारा, दमट वारा ॲल्युमिनियमचा वैरी. बंद गाडीच्या कार्बोरेटरमध्ये पांढरी भुकटी आणि आटलेल्या पेट्रोलचा डिंक हमखास सापडतो. जेटची छिद्रे तारेने कोरू नयेत. छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण बदलते. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब हाच योग्य मार्ग.

कार्बोरेटरमधील प्रत्येक भागाचे काम वाटून दिलेले आहे. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पायलट जेट, मधल्या टप्प्यात निडल आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मेन जेट पेट्रोल पुरवते. म्हणून गाडी कोणत्या टप्प्यावर अडखळते, यावरून दोष कुठे आहे हे ओळखता येते. वर-खाली सरकणाऱ्या स्लाइडची कापलेली कड एअर फिल्टरच्या बाजूला हवी. ती उलटी बसली तर इंजिन सुरू होताच बेफाम फिरू लागते. फ्लोटची उंचीही मोजूनच ठेवावी लागते.

'राजदूत ३५०'सारख्या दोन कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक कसोटी असते. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी आणि सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. एक मागे राहिली तर एका सिलिंडरवर सारा भार पडतो आणि तो दुसऱ्याच्या आधी निकामी होतो.

याला आता इंधनाचीही जोड मिळाली आहे. देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर यांना मानवत नाही. शिवाय त्यात ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ होते. त्यामुळे जोडणीच्या वेळी रबरी भाग नवे घालणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास कार्बोरेटर रिकामा करून ठेवणे इष्ट.

पहिली किक

इंजिन जुळले तरी लगेच किक मारण्याची घाई नको. प्रथम प्लग काढून ते हाताने फिरवून पाहावे. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडे बंद करून सुमारे ६ पीएसआय इतका हलका दाब दिल्यास गळती कुठे आहे हे साबणाच्या फेसाने कळते. ऑइल पंपातील हवा काढून टाकावी आणि पहिल्या टाकीपुरते पेट्रोलमध्येही थोडे टू-टी ऑइल मिसळावे, म्हणजे पंपाने दगा दिला तरी पिस्टन कोरडा राहत नाही. हे सारे मोकळ्या जागी करावे. चाळीच्या गॅलरीत शेजारच्या शेगडीपासून वा देवघरातील समईपासून पेट्रोलची वाफ दूर नसते.

या काळजीमागे केवळ खर्चाचा विचार नाही. मिश्रण पातळ होऊन इंजिन तापले की ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो आणि जागीच अडकतो. यालाच 'इंजिन सीज होणे' म्हणतात. धावत्या गाडीत असे झाले तर मागचे चाक जाम होते. स्वाराने त्याच क्षणी क्लच दाबला नाही, तर तो रस्त्यावर फेकला जाऊ शकतो. म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये वेग बदलता ठेवावा, थ्रॉटल पूर्ण उघडू नये आणि बोटे क्लचवर असावीत. प्लगचा रंग कॉफीसारखा तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. पांढराफटक असेल तर गाडी तेथेच थांबवावी.

कागदपत्रांचाही विसर पडू नये. दुचाकीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. इंजिन क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो. तडा गेला म्हणून दुसऱ्या गाडीची क्रँककेस बसवल्यास क्रमांक जुळत नाही आणि आरटीओत नोंद करून न घेतलेली ती गाडी संशयास्पद ठरते.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि इंधनाचे मोजमाप इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेले. ज्या गाड्यांत तो अजून आहे, तेथे हे मोजमाप माणसाच्या हातीच उरले आहे. जिन्याखालची गाडी पुन्हा धावेल की नाही, हे त्या हाताला किती घाई आहे यावर अवलंबून राहील.